सोनेरी कुत्रा आणि आपला राखणदार

दिवस मावळला होता. सिंदेवाहीच्या बाजूच्या एका गावात आम्ही वर्गाला बसलो होतो. पंधरा-वीस माणसे जमली होती. काही बायका, काही बापे. दाराशी एक तांबडा कुत्रा पाय पसरून पडला होता. राजा त्याचे नाव. तो रोज आपल्या मालकिणीबरोबर वर्गाला येई. ती गावातली एक म्हातारी आजी. आजी अक्षरे गिरवी आणि राजा झोप काढी.

त्या दिवशी गावातला एक तरुण नागपूरहून आला होता. त्याने आपला मोबाइल पुढे केला. त्यावर एका कुत्र्याचे चित्र होते. लांब सोनेरी केस, खाली पडलेले कान, मोठे डोळे. तोंड असे की जणू हसतेच आहे.

तरुण म्हणाला, "याला गोल्डन रिट्रीव्हर म्हणतात. मी काम करतो त्या घरी आहे. पोरं त्याच्या अंगावर लोळतात, पण चावत नाही. एका पिल्लाला हजारो रुपये पडतात. आपणही एक आणावं म्हणतो."

आजीने चित्र निरखून पाहिले. ती म्हणाली, "अन् चोर आला तं?"

"चोराचेही हात चाटते, आजी."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एक कुत्रा चोराचे हात चाटतो. दुसरा अनोळखी माणूस दिसताच अंगावर धावतो. दोघेही कुत्रेच. मग स्वभावात एवढा फरक कशाने पडला? आपल्या घराला कोणता कुत्रा बरा? आणि कुत्रा पाळला म्हणजे आपल्यावर कोणती कामे येतात? हे सारे आपण आता पाहू.

लांडग्याचा झाला कुत्रा

गाय, बैल, बकरी, कोंबडी ही जनावरे माणसाने पाळली. पण या सगळ्यांच्या आधी माणसाच्या घरी आला तो कुत्रा. तेव्हा माणूस शेतीसुद्धा करीत नव्हता. शिकार करावी, कंदमुळे खणावी, फळे गोळा करावी आणि पोट भरावे, असे ते दिवस होते.

कुत्र्याचा पूर्वज लांडगा. काही लांडगे माणसाच्या वस्तीजवळ उष्टे-खरकटे खायला येत असतील. जे फार भित्रे ते पळून जात. जे फार आडदांड त्यांना माणसे हाकलून लावीत. मधले, सोशिक असे जे होते, ते वस्तीजवळ राहिले. त्यांची पिल्ले आणखी माणसाळली. असे पिढ्यान् पिढ्या चालले. हजारो वर्षांत लांडग्याचा कुत्रा झाला.

याला पुरावा काय? जर्मनी देशात बॉन शहराजवळ १९१४ साली एक फार जुनी पुरण सापडली. ती सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची आहे. तिच्यात एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्याबरोबर कुत्र्याचे पिल्लू होते. विद्वानांनी पुढे त्या पिल्लाचे दात तपासले. त्यावरून दिसले, की ते पिल्लू काही आठवडे फार आजारी होते. कोणी खाऊ-पिऊ घातले नसते, तर ते तेव्हाच मेले असते. आजारी पिल्लू शिकारीच्या काय कामाचे? तरी त्या माणसांनी त्याला जपले. माणसाची आणि कुत्र्याची माया एवढी जुनी आहे.

आपल्याकडेही ही माया जुनी आहे. स्वर्गाच्या दारातून कुत्र्याला सोडून आत जायला धर्मराज तयार झाला नाही, ही महाभारतातली गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्टही घरोघरी सांगतात. खंडोबाजवळ कुत्रा असतो, दत्ताजवळही असतो.

आता कोणी म्हणेल, आपल्या रानातला कोळसून हाच कुत्र्याचा बाप असेल. तसे नाही. कोळसून, म्हणजे रानकुत्रा, ताडोबाच्या जंगलात टोळीने फिरतो. दिसायला तो कुत्र्यासारखा आहे. पण त्याची जात निराळी. कुत्र्याला ४२ दात, कोळसुनाला ४०. कुत्रा भुंकतो, कोळसून शीळ घालतो. तो माणसाळत नाही. त्याला पाळण्याच्या फंदात कोणी पडू नये. कायद्यानेही ते चालत नाही.

दादाजींचे धान आणि साहेबाचे कुत्रे

गोल्डन रिट्रीव्हर ही जात कशी झाली, ते समजायला आधी धानाची गोष्ट पाहू.

नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथे दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शाळा फार शिकले नव्हते. १९८३ साली त्यांना आपल्या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर कापून मोकळा झाला असता. दादाजींनी त्या लोंब्या बाजूला काढल्या. त्यांचे बी वेगळे पेरले. पुढल्या वर्षी त्यातले चांगले तेवढे पुन्हा निवडले, पुन्हा पेरले. असे वर्षानुवर्षे केले. त्यातून बारीक, चवदार तांदळाचे वाण निघाले. तेच एचएमटी धान. आज ते दूरदूर पिकते. दादाजी २०१८ साली वारले, पण त्यांचे धान आपल्या ताटात आहे.

दादाजींनी केले काय? नवे काही जादूने आणले नाही. जे हवे ते निवडले, त्याचीच वाढ केली, नको ते सोडले. याला निवड म्हणतात.

हीच निवड स्कॉटलंड देशात एका श्रीमंत जमीनदाराने कुत्र्यांत केली. त्याचे नाव डडली मार्जोरीबँक्स. पुढे त्याला लॉर्ड ट्वीडमाउथ असा किताब मिळाला. त्याला पाखरांच्या शिकारीचा नाद होता. त्या काळी बंदुका सुधारल्या होत्या. पाखरू दूरवर पडू लागले. कधी तळ्यात पडे, कधी नदीच्या पलीकडे झुडपात. ते शोधून आणायला कुत्रा हवा होता. त्याला पोहता यावे, थंड पाणी सोसावे. आणि मोठी गोष्ट ही, की तोंडात धरलेले पाखरू त्याने चावू नये. जसेच्या तसे आणून हातात द्यावे.

१८६५ साली या जमीनदाराने इंग्लंडातल्या ब्रायटन गावी एक कुत्रा विकत घेतला. त्याची भावंडे काळी होती. हा एकटाच पिवळा होता. त्याचे नाव नूस. नूस म्हणजे अक्कल. १८६८ साली नूसपासून बेल नावाच्या कुत्रीला पिल्ले झाली. बेल पाण्यात पोहण्यात पटाईत अशा जातीची होती. पिल्ले चार निघाली. चारही पिवळी. त्यांना फुलांवरून वगैरे नावे दिली. हीच पिल्ले पुढल्या साऱ्या सोनेरी कुत्र्यांची मूळ आई-आजी.

जमीनदार प्रत्येक कुत्र्याची नोंद वहीत ठेवी. आईबाप कोण, कधी जन्मला, कोणाला दिला, सगळे लिही. पुढे लोकांनी एक अफवा उठवली, की हे कुत्रे रशियातल्या सर्कशीतून आणले. पुष्कळ वर्षे ती खरी मानली गेली. १९५२ साली त्या वहीतल्या नोंदी छापून आल्या, आणि ती गोष्ट खोटी ठरली. लिहून ठेवण्याचा हा फायदा. १९११ साली इंग्लंडातल्या कुत्र्यांच्या मंडळाने ही जात निराळी म्हणून मानली. तिथून ती जगभर गेली.

सोनेरी कुत्र्याचा स्वभाव

आता त्याचा स्वभाव कसा बनला, ते सहज ध्यानात येईल. ज्या कुत्र्याने पाखरू चावले, त्याची पिल्ले ठेवली नाहीत. ज्याने हळू धरले, त्याची ठेवली. जो शिकाऱ्याचे ऐके, त्याचीच वाढ केली. शिकारीत चार अनोळखी माणसे असत, दुसऱ्यांचे कुत्रे असत. म्हणून जो सर्वांशी गोडीने वागे, तोच निवडला.

दीडशे वर्षे हे चालले. त्यातून असा कुत्रा झाला, की तो मुलांत रमतो, लवकर शिकतो, सहसा चिडत नाही. म्हणून कित्येक देशांत आंधळ्या माणसाला वाट दाखवायला हा कुत्रा शिकवतात. आजाऱ्याचे मन रमवायला दवाखान्यातही नेतात.

पण प्रत्येक गुणाची दुसरी बाजू असते. हा कुत्रा सर्वांचा मित्र, म्हणून राखणीला कच्चा. त्याला माणसांची संगत लागते. एकटा बांधून ठेवला तर तो झुरतो, वस्तू कुरतडतो. रोज भरपूर फिरवावे लागते. खाणे पुष्कळ लागते. वजन ३० किलोच्या आसपास भरते. कमरेच्या सांध्याचे दुखणे आणि कर्करोग या जातीत पुष्कळ दिसतात.

आणि सर्वांत मोठी अडचण ऊन. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. ते थंड पाण्यासाठी झालेले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ काढून धापा टाकतो आणि अंग थंड करतो. घोंगडी पांघरून चंद्रपूरच्या उन्हात उभे राहिले तर आपले काय होईल? तेच त्याचे होते. पंखा, कूलर, सावली, पाणी हे सारे असेल त्यानेच हा कुत्रा पाळावा.

आपला गावठी कुत्रा

आता दाराशी झोपलेल्या राजाकडे पाहू. त्याची निवड कोण्या साहेबाने केली नाही. ती केली आपल्या उन्हाने, पावसाने, रानाने आणि गावाने. जो ऊन सोसू शकला, थोडक्यात जगला, सावध राहिला, तो टिकला. त्याचे केस आखूड, कान उभे, शेपटी वळलेली, अंग हलके. पेज-भात खाऊन तो राहतो. चोराची चाहूल त्याला आपल्या आधी लागते.

माणसाच्या कानाला जे ऐकू येत नाही, ते कुत्र्याला येते. त्याचे नाक तर आपल्या नाकाहून कितीतरी पटीने तेज. रात्री तो एका सुरात भुंकू लागला, की जाणता माणूस म्हणतो, काहीतरी आहे. आणि तो शेपटी पायात घालून घरात शिरला, तर दार लावून घ्यावे.

याला आपण गावठी म्हणून हिणवतो. पण आपल्या हवेला हाच योग्य. गोंडी बोलीत याला नई म्हणतात. गोंडाच्या घरी काय, कुणब्याच्या घरी काय, राखण हाच करतो.

पिल्लू कसे वाढवावे

स्वभाव अर्धा आईबापांकडून येतो. अर्धा आपण घडवतो. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

भादव्यात कुत्री माजावर येते. सुमारे ६३ दिवसांनी विते. पिल्लू दोन महिने आईजवळ राहू द्या. आई आणि भावंडे त्याला एक मोठा धडा देतात. खेळताना जोरात चावले तर दुसरे ओरडते आणि खेळ थांबतो. त्यातून पिल्लू हळू चावायला शिकते. फार लवकर तोडून आणलेले पिल्लू हा धडा चुकते.

तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचा काळ फार महत्त्वाचा. या दिवसांत पिल्लाने मुले, म्हातारी, पाहुणे, गाय, बकरी, सायकल सगळे पाहावे. मायेने हाताळावे. जे या दिवसांत ओळखीचे होते, त्याला ते पुढे भीत नाही. आणि जे कुत्रे भिते, तेच बहुधा चावते.

मारून कुत्रा शहाणा होत नाही, चोरटा होतो. चांगले वागला तर घासभर भाकरी द्या. दिवसभर साखळीला बांधू नका. उन्हाळ्यात सावलीत पाण्याचे भांडे ठेवा. कांदा घालू नका, तो त्याला बाधतो.

मुलांनाही शिकवा. कुत्रा खात असेल, झोपला असेल, किंवा कुत्री पिल्लांजवळ असेल, तर जवळ जाऊ नये. शेपटी ओढू नये. अनोळखी कुत्रा आला तर पळू नये. झाडासारखे उभे राहावे. लहान मुलाला कुत्र्याजवळ एकटे सोडू नये. मग कुत्रा गावठी असो की सोनेरी.

बिबट, रान आणि कुत्रा

आपली गावे रानाला लागून आहेत. म्हणून इथे एक गोष्ट जास्त सांगावी लागते. बिबट्याला कुत्रा फार आवडतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली. त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्याचा निघाला. १०० भागांत जवळजवळ ४० भाग!

म्हणजे गावात मोकाट कुत्री वाढली, की बिबट्याला आवतणच. कोंबडीची आतडी, मेलेले ढोर, उष्टे गावाजवळ टाकू नका. त्यावर कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट येतो. आपला कुत्रा रात्री अंगणात उघड्यावर बांधू नका. त्याला पळताही येत नाही. पडवीत किंवा कुडाच्या आत घ्या. आणि आपणही अंगणात त्याच्या शेजारी झोपू नका.

मोहफुले वेचायला आणि तेंदूपानाला जाताना काहीजण कुत्रा नेतात. तो सावध करतो हे खरे. पण वाघ-बिबट मागे लागला, की तो मालकाकडेच धाव घेतो. संकट घेऊन येतो. म्हणून चार माणसे मिळून जा, बोलत जा.

कुत्रे सोडून ससा, चितळ मारणे हीसुद्धा शिकारच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय कुत्र्याचे रोग रानात जातात. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर रोग २०१८ साली गुजरातेत गीरच्या सिंहांना झाला, आणि त्यात सिंह मेले. आपल्या ताडोब्यात वाघ आहेत. आपल्या कुत्र्याला लस टोचली, तर वाघाचेही भले होते.

पिसाळ : हे मात्र विसरू नका

आता शेवटची आणि सर्वांत मोठी गोष्ट. ती आमच्या ओळखीच्या एका घरी घडली. दहा वर्षांचा मुलगा रस्त्यावरच्या पिल्लाशी खेळत होता. पिल्लाचा दात हाताला लागला. जरासे रक्त आले. घरच्यांनी हळद-तेल लावले. कोणी मंतरलेला दोरा बांधला. आठ दिवसांत जखम भरली. सगळे विसरून गेले. दीड महिन्याने पोराला ताप आला. पाण्याचा पेला पाहिला की तो थरथर कापे. तिसऱ्या दिवशी पोर गेले.

आम्ही त्या घरी बसून आलो. माय एकच म्हणत होती, "पिल्लूच होता जी. मले का मालूम?"

पिसाळ हा रोग लाळेतून येतो. त्याचे जंतू जखमेतून शिरतात आणि नसांच्या वाटेने मेंदूकडे जातात. वाटेत त्यांना आठवडे लागतात, कधी महिने लागतात. तेवढा वेळ आपल्या हाती असतो. मेंदूत पोचले, की मग माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मंत्र चालत नाही, जडीबुटी चालत नाही, डॉक्टरचाही इलाज चालत नाही.

पण आधी लस घेतली तर माणूस वाचतो. ही लस फ्रान्स देशात लुई पाश्चर यांनी काढली. ६ जुलै १८८५ रोजी त्यांनी नऊ वर्षांच्या एका मुलाला ती पहिल्यांदा टोचली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला चावे घेतले होते. तो मुलगा वाचला.

कुत्रा चावला, ओरखडले, किंवा उघड्या जखमेला त्याची लाळ लागली, तर असे करा :

१. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटे धुवा. याने पुष्कळ जंतू तिथेच मरतात.

२. तिखट, चुना, हळद, तेल, माती काही लावू नका. जखम घट्ट बांधू नका.

३. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथे फुकट मिळते. पहिली सुई त्याच दिवशी. पुढल्या सुया बहुधा तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. डॉक्टर कागदावर तारखा लिहून देतात. त्या वाचा आणि पाळा. जखम खोल असेल, तर जखमेत भरायचे वेगळे औषधही लागते.

४. पोटात चौदा सुया ही जुनी गोष्ट झाली. ती लस आपल्या देशात २००५ सालापासून बंद आहे. आता सुई दंडात देतात. भिऊ नका.

५. कुत्र्याला मारू नका. त्याच्यावर १० दिवस नजर ठेवा. पण कुत्र्याकडे पाहत सुई थांबवू नका.

कुत्रा उगाच चावत सुटला, लाळ गाळू लागला, जबडा लोंबू लागला, आवाज बदलला, तर तो पिसाळला समजा. कधी पिसाळलेला कुत्रा गप्प कोपऱ्यात पडून राहतो. त्यालाही हात लावू नका.

हे सारे टाळायचा सोपा उपाय एकच. आपल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात लस टोचा. नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा, आणि मग दर वर्षी.

त्या संध्याकाळी बोलणे इथपर्यंत आले. तरुणाने मोबाइल खिशात ठेवला. तो म्हणाला, "मग पिल्लू गावातलंच बघतो."

पुढल्या महिन्यात गावकऱ्यांनी ढोरांच्या डॉक्टरांना बोलावले. सकाळपासून चावडीपुढे कुत्र्यांची जत्रा भरली. राजा बंडीखाली जाऊन लपला. दोघांनी धरून काढला, तेव्हा सुई झाली.

डॉक्टरांनी कार्ड दिले. आजीने ते कोणाला लिहू दिले नाही. मांडीवर पाटी घेतली, पाटीवर कार्ड ठेवले, आणि आपल्या हाताने हळूहळू लिहिले : कुत्र्याचे नाव, राजा. खाली तारीख घातली. त्याखाली पुढल्या वर्षीची तारीख घातली. मग कार्ड पेटीत रेशनकार्डाजवळ ठेवले.

तुमच्या घरी कुत्रा आहे ना? त्याचे कार्ड कुठे आहे?